पहिला पेडलबोर्ड: डिस्टॉर्शन कोणतं, मॉड्युलेशन कोणतं?

तिरपी तान

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पुण्यात असतो. चौघांचा बँड आहे: मी, अजून एक गिटारवाला, बास आणि ड्रम. गाणं तो दुसरा गिटारवालाच म्हणतो. निम्मी स्वतःची मराठी गाणी, निम्मी नव्वदच्या दशकातली इंग्रजी रॉक. दर रविवारी दोन तास जॅम रूम घेतो. माझी गिटार स्ट्रॅटच्या (फेंडरच्या प्रसिद्ध गिटारच्या) आकाराची, तारांचा आवाज पकडणाऱ्या तीन पिकअपपैकी ब्रिजला हमबकर, बाकी दोन सिंगल कॉइल. घरी २० वॉटचा छोटा ॲम्प आहे, त्याला इफेक्ट्स लूप वगैरे काही नाही. पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारा डबा) एकच, कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेलं 'मेटल'वालं.

घरी हे पेडल दरड कोसळल्यासारखं वाजतं. जॅम रूममध्ये तेच पेडल, तीच सेटिंग, आणि माझी गिटार गायब. आवाज वाढवला की नुसती खरखर वाढते, सूर ऐकूच येत नाहीत. गेल्या रविवारी सोलो संपवून मी मान वर केली तर ड्रमर विचारतो, "सोलो कधी घेणारेस?"

तर जास्त ताकदीचं डिस्टॉर्शन हवंय. शिवाय एक मॉड्युलेशन पेडल, म्हणजे आवाज हलता ठेवणारं. कोरस, फेजर, फ्लँजर, सगळ्यांचे व्हिडिओ पाहिले, आता सगळे सारखेच वाटायला लागलेत. बजेट १५,००० रुपये, त्यातच पॉवर आणि केबली बसवायच्या आहेत. जाणकारांनी मदत करावी.

बुधवारपेठी

मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, नॉब कुठे आहे?

तिरपी तान

मिड शून्यावर. बेस आणि ट्रेबल फुल. गेन (डिस्टॉर्शनचा जोर) पण फुल. का?

बुधवारपेठी

सापडली तुमची गिटार.

सायकलस्वार

शीर्षकात पेडल वाचून सायकलचा धागा समजून आत आलो. आता आलोच आहे तर बसतो. चालू द्या.

हेडफोनवाली

तिरपी तान, ड्रमरवर रागावू नका, तो खरंच विचारत असणार. मी लाइव्ह साउंडचं काम करते, म्हणजे मिक्सरमागे उभी राहून गिटारवाल्यांची बोलणी खाते. तुमच्यासारखी सेटिंग मला इतक्या वेळा भेटते की आता गिटारवाला बॅग उघडायच्या आत ओळखते.

घरी आपण हळू वाजवतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून त्याचे आलेख छापले. त्यामुळे घरी नॉब फिरवताना हात आपोआप बेस आणि ट्रेबल चढवतो, मिड पाडतो, आणि ते भारी लागतं. जॅम रूममध्ये आवाज चढला की कानाची ती तूट भरून निघते. वर तिथे तुम्ही एकटे नसता. खालची जागा बास आणि किक ड्रमने धरलेली, वरची सिंबल्सनी. गिटारच्या वाट्याला उरते ती मधली, ढोबळमानाने ४०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ. नेमकी तीच तुम्ही रिकामी करून ठेवली आहे. मग तिथे तुमचा दुसरा गिटारवाला आणि त्याचा गळा येऊन बसतात. त्यांचा काय दोष?

गेनचंही असंच. डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचे शेंडे छाटणं. जितकं छाटाल तितका जोरात मारलेला आणि हळू मारलेला स्ट्रोक यांतला फरक मिटत जातो, पिकचा ठोका बोथट होतो. सगळे एकाच पट्टीत ओरडायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही, तसं. त्यामुळे गेन वाढवून गिटार पुढे येत नाही, मागे सरकते.

येत्या रविवारी काहीही विकत न घेता एवढं करा. गेन निम्मा. मिड घड्याळात दोन वाजल्यासारखा, बेस दहा, ट्रेबल बारा. घरी एकट्याने ऐकाल तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटेल. वाटू दे.

तिरपी तान

आत्ताच करून पाहिलं. डबाच वाटतंय. रविवारी बघतो.

पण पेडल घ्यायचंच आहे हो.

दीड ओहम

घ्यायचंच आहे तर रंग आणि नाव बघून घेऊ नका, पोटात काय आहे ते बघा. बाजारातली बहुतेक पेडलं चार-पाच जुन्या सर्किटांची नातवंडं आहेत.

एक घराणं ट्यूब स्क्रीमरचं. इबानेझने १९७९ मध्ये काढलेलं हिरवं पेडल. यात लाट छाटणारे दोन डायोड ऑपॲम्प या आवाज वाढवणाऱ्या चिपच्या फीडबॅकमध्ये बसवलेत, त्यामुळे लाट कातरली जाण्याऐवजी वाकते, कड गोल राहते. शिवाय छाटणीच्या आधीच बेस काढून घेतलेला असतो आणि साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास मिडचा उंचवटा येतो. एकट्याने ऐकलं तर सर्दी झालेल्या माणसासारखं. बँडमध्ये सुरीसारखं. बॉसचं एसडी-१ (१९८१) याचाच चुलतभाऊ. फक्त त्यात एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एकच, म्हणून लाटेचे दोन अर्धे सारखे छाटले जात नाहीत.

पण थांबा. लगेच हिरवं पेडल मागवू नका. ते सर्किट मुळात आधीच थोड्या फाटलेल्या (डिस्टॉर्ट झालेल्या) व्हॉल्व्ह ॲम्पला ढकलायला आहे. तुमच्यासारख्या स्वच्छ सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) ॲम्पमध्ये ते एकटं लावलं की बारीक आवाज येतो आणि माणूस म्हणतो, 'एवढं नाव ऐकलं होतं, हेच का ते?' त्याच्या पुढे फाटलेलं काहीतरी असावं लागतं.

दुसरं घराणं हार्ड क्लिपिंगचं. डायोड सिग्नलवरून सरळ ग्राउंडला, शेंडा उडालाच. बॉसचं नारिंगी डीएस-१ आणि अमेरिकेतल्या कालामाझू गावचं प्रोको रॅट, दोन्ही १९७८ ची. डीएस-१ च्या टोन सर्किटमध्येच मिडला खड्डा आहे, म्हणजे तुमचं दुखणं तुम्ही पुन्हा विकत घ्याल. रॅटला असा खड्डा नाही. त्यातली एलएम३०८ ही जुनी चिप इतकी सुस्त आहे की वरची टोकं तिला पेलतच नाहीत, आणि तोच सुस्तपणा कानाला जाड, दाणेदार लागतो. गेन कमी ठेवला तर ओव्हरड्राइव्ह (सौम्य फाटणं), मधे डिस्टॉर्शन, पूर्ण केला तर जवळजवळ फझ (पार चिरफाळलेला आवाज). स्वच्छ ॲम्पसमोर एकट्याने उभं राहू शकेल असं पेडल मला विचाराल तर हे. फक्त त्याचा 'फिल्टर' नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो. नवीन माणूस पहिला अर्धा तास त्यातच घालवतो.

तिसरं बिग मफ. लांबच लांब सस्टेन, मखमली वगैरे. पण मिड पुन्हा खड्ड्यात. दुसरा गिटारवाला असलेल्या बँडमध्ये हरवायची हमखास सोय.

जंतरमंतर

दीड ओहम यांनी बिग मफवर अन्याय केलाय. त्याच्या पाठोपाठ मिड वाढवणारं काहीही लावा आणि मग बोला. मी तसंच वाजवतो आणि मला कोणी 'सोलो कधी' असं विचारलेलं नाही.

आणि मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनवाले आपल्या इथेच फझ आणि डिस्टॉर्शन बनवतात, त्यांचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? तुमच्या बजेटमध्ये मग मॉड्युलेशन बसणार नाही हे खरं, पण ऐकून तरी बघा.

कृष्णाकाठ

फझचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर तुम्हा मुलांच्या धाग्यात मी कशाला येतो.

ऐंशीच्या दशकात मी सांगलीत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे. यात्रा, गणपती, लग्नं. पेडल नावाची वस्तू आम्ही फक्त मासिकातल्या फोटोत बघितलेली. आमचा एक मित्र रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने कुठल्याशा अंकातलं सर्किट बघून मला फझ करून दिला. दोन एसी१२८ ट्रान्झिस्टर, बंद पडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओतून काढलेले. भारत इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा ते बनवायची, त्यामुळे कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात भंगारात मिळायचे. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की लंडनच्या आर्बिटर कंपनीच्या १९६६ च्या फझ फेसमध्येही एसी१२८ लावत आणि परदेशात लोक त्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. आम्ही चहाच्या पैशात घेतले होते. सर्किट ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात बसवलं, आणि पायाने दाबायला टेबल लॅम्पचं बटण.

रात्री कार्यक्रमात तो डबा काय बोलायचा! पण दुपारी तालमीला दगा द्यायचा. एप्रिलची दुपार, मांडवात पत्रा तापलेला, की आवाज आधी चिरका व्हायचा आणि मग गळा दाबल्यासारखा बंद. जर्मेनियमचं हेच असतं, तापलं की आतून करंट गळायला लागतो आणि सगळा तोल सरकतो. मी डब्याला ओला पंचा गुंडाळायचो. लोकांना वाटायचं काहीतरी नवस असेल.

शिवाय तो डबा रेडिओही पकडायचा. एकदा एका गाण्याच्या आधी मी फझ दाबला तर स्पीकरमधून आकाशवाणी सांगली. हळदीचे भाव.

सायकलस्वार

टाळ्या पडल्या का?

कृष्णाकाठ

पडल्या. त्या वर्षी भाव चांगला होता.

कामाचं एक सांगतो. एसी१२८ हा पीएनपी जातीचा. त्याचं जुन्या पद्धतीचं सर्किट उलट्या पोलॅरिटीचं असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक ग्राउंडला. असा फझ कधी घेतलात तर त्याला स्वतंत्र बॅटरी द्या. बाकीच्या पेडलांबरोबर एकाच ॲडाप्टरच्या माळेत ओवलात तर थेट शॉर्ट. मी भाच्याचा ॲडाप्टर असाच जाळला आहे आणि भाचा अजून ते काढतो.

दीड ओहम

काका, +१. आणि फझ साखळीत पहिला, थेट गिटारनंतर. त्याच्या आधी बॉससारखं बफरवालं (बंद असतानाही सिग्नलला ताकद देणारं) पेडल आलं की गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज साफ करायची जी गंमत फझमध्ये असते ती जाते. त्याला गिटारची पिकअप थेट समोर असावी लागते.

एकच डबा

सगळं वाचलं. आता मला मारायला धावा.

पंधरा हजारांत एक बऱ्यापैकी मल्टिइफेक्ट येतो. त्यात तुमचा हिरवा, नारिंगी, उंदीर, कोरस, फेजर, सगळे आहेत. ट्यूनर आहे. हेडफोन लावून रात्री दोनला वाजवता येतं. पहिलं पेडल घेणाऱ्याला आपल्याला काय आवडतं हेच माहीत नसतं. सहा महिने डबा वापरा, पाय कुठल्या इफेक्टवर परत परत जातो ते बघा, मग तेवढंच एक सुटं घ्या. सुट्या पेडलांचं प्रेम मला कळतं, पण हा माणूस स्वतः सांगतोय की कोरस आणि फेजर सारखे वाटतात.

जंतरमंतर

मल्टिइफेक्ट घेतलेले माझे तीन मित्र आज मेनू फिरवतात, गिटार वाजवत नाहीत.

एकच डबा

आणि सुटी पेडलं घेतलेले माझे तीन मित्र पेडलं विकतात आणि घेतात, गिटार वाजवत नाहीत. हिशेब फिटला.

हेडफोनवाली

दोघांनी पाणी प्या.

एकच डबा यांचं मला पटतं, एका अटीवर. डब्यातले तयार आवाज जसेच्या तसे वापरायचे नाहीत. ते बहुतेक दुकानात हेडफोनवर ग्राहकाला गार करण्यासाठी बनवलेले असतात. बेस भरपूर, रिव्हर्ब (घुमारा) भरपूर, मिड गायब. म्हणजे आपण पुन्हा पहिल्या प्रतिसादाशी आलो. तिरपी तान, तुम्ही ठरवा, तुमचा स्वभाव नॉबचा की मेनूचा.

तिरपी तान

नॉबचा. ऑफिसात दिवसभर मेनूच उघडतो.

मॉड्युलेशनबद्दल कोणी सांगेल का? आणि खरंच वेगळे असतात का ते?

तोक्योकर

असतात. मी इकडे ओचानोमिझूच्या गिटारच्या दुकानांत शनिवार घालवतो आणि बायकोला ग्रंथालयात होतो म्हणून सांगतो, त्यामुळे यावर बोलायचा मला अधिकार आहे.

कोरसमध्ये तुमच्या आवाजाची एक नक्कल काही मिलिसेकंद उशिरा येते, आणि तो उशीर सारखा कमीजास्त होत राहतो. उशीर बदलला की नकलेचा सूर किंचित वर-खाली हलतो. मूळ आणि नक्कल एकत्र ऐकली की दोघे वाजवताहेत असं वाटतं. जुन्या ॲनालॉग पेडलांत हा उशीर करायला एक चिप असते. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसा सिग्नल एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात असा हजारभर टप्पे पुढे सरकवला जातो. तिला नावही 'बकेट ब्रिगेड' असंच आहे. प्रत्येक बादलीतून थोडं पाणी सांडतं, म्हणून वरचे सूर मंद होतात, आणि लोक त्यालाच ऊब म्हणतात.

फ्लँजर त्याच तत्त्वावर, पण उशीर खूपच कमी, आणि निघालेला आवाज पुन्हा आत ढकललेला. मूळ आणि नक्कल एकमेकांना ठरावीक अंतरावर खोडतात, आलेख काढला तर कंगव्यासारखा दिसतो. तो कंगवा वर-खाली फिरला की विमान डोक्यावरून गेल्यासारखं होतं.

फेजरमध्ये बादल्या नाहीतच. तो फिल्टर वापरून लाटेची फक्त फेज, म्हणजे चढ-उताराची वेळ, सरकवतो. एमएक्सआरच्या फेज ९० मध्ये (१९७४, तोही नारिंगी, सगळं चांगलं नारिंगीच का असतं कोण जाणे) असे चार टप्पे आहेत. चार टप्प्यांतून आवाजात दोन खड्डे पडतात, म्हणजे तिथले सूर गायब होतात. दोनच खड्डे असल्यामुळे तो फ्लँजरइतका धातूसारखा लागत नाही, जरा चघळल्यासारखा लागतो. आणि नॉब एकच, वेग. चुकायला जागा नाही.

ट्रेमोलो म्हणजे नुसता आवाज कमीजास्त, व्हायब्रॅटो म्हणजे नुसता सूर कमीजास्त. फेंडरने गिटारवरच्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं, जी खरं तर व्हायब्रॅटो करते, आणि ॲम्पवर व्हायब्रॅटो लिहिलं, जो खरं तर ट्रेमोलो होता. सत्तर वर्षं झाली, अजून गोंधळ निस्तरतोय.

तुमच्या जॅम रूममध्ये ॲम्प कोणता आहे?

तिरपी तान

काळा, मोठा, दोन स्पीकर. पुढे जॅझ कोरस लिहिलंय. मागच्या भिंतीला दुसरा एक आहे पण तो दुसरा गिटारवाला आधी येऊन पकडतो.

तोक्योकर

अहो! मग कोरसचा विषयच मिटला.

रोलँडने हा जेसी-१२० ॲम्प १९७५ मध्ये काढला. त्यातला कोरस लोकांना इतका आवडला की तेवढाच भाग काढून पुढच्या वर्षी बॉस नावाने सीई-१ हे पेडल विकायला आणलं. विटेएवढं अवजड, थेट घरच्या प्लगवर चालणारं. म्हणजे कोरस पेडलांचा आजा तुमच्या रूममध्ये उभा आहे आणि तुम्ही नातू विकत घ्यायला निघालात. त्यात एका स्पीकरमधून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून हलणारा, आणि दोन्ही मिसळतात ते हवेत, खोलीत. एकाच स्पीकरमधून वाजणारं कुठलंही पेडल ते करू शकत नाही. नॉब फिरवून बघा कधीतरी.

दुसरं, हा ॲम्प काही केल्या फाटत नाही, स्वच्छच राहतो. म्हणजे सगळं फाटणं पेडलकडूनच यायला हवं. दीड ओहम म्हणाले ते रॅटचं इथे बरोबर बसतं. फक्त या ॲम्पचा वरचा भाग कडक आहे, डिस्टॉर्शनची खरखर मधमाश्यांसारखी ऐकू येते. रॅटचा फिल्टर बिनधास्त उजवीकडे घ्या.

बुधवारपेठी

आणि ॲम्पवरचा 'ब्राइट' स्विच बंद. अर्धा महाराष्ट्र तो चालू ठेवून पेडलला नावं ठेवतो.

तिरपी तान

ब्राइट चालू असतो आमचा. कायम. 🙈

मग फेजर घेतो. तो डिस्टॉर्शनच्या आधी लावायचा की नंतर?

दीड ओहम

आधी.

हेडफोनवाली

नंतर.

सायकलस्वार

आता धाग्याला रंग चढला.

दीड ओहम

कारण देतो. फेजर आधी लावला की त्याने पाडलेले खड्डे डिस्टॉर्शन नवे हार्मॉनिक्स (वरचे उपसूर) तयार करून अर्धेमुर्धे बुजवतं. उरतं ते गळ्यातून आल्यासारखं हलणं. गिटारच बोलतेय असं वाटतं. एडी व्हॅन हेलनचा फेज ९० ॲम्पच्या आधी होता, आणि फाटणं ॲम्पमध्ये. नंतर लावलात तर तो सगळ्या फाटलेल्या आवाजावर झाडू मारत फिरतो. दोन गाण्यांत माणूस कंटाळतो.

हेडफोनवाली

मला तो झाडूच ऐकू येतो, समोर बसलेल्यांनाही. आधी लावलेला फेजर वाजवणाऱ्याला सुखावतो आणि दहाव्या रांगेत तो चालू आहे का बंद हे कळत नाही. कुठे थोडासा हवा आणि कुठे झळकायला हवा, ते गाण्यावर आहे. फेजरचं एक बरं, दोन्हीकडे चालतो. केबल इकडची तिकडे करायला एक मिनिट लागतं. वाद कशाला?

कोरस मात्र नंतरच. आधी लावला तर किंचित बेसूर अशा दोन लाटा एकत्र छाटल्या जातात आणि त्यांची सरमिसळ होऊन चिखल होतो. काही लोकांना तो चिखल आवडतो, त्यांच्याशी मी बोलत नाही.

जंतरमंतर

मला आवडतो.

हेडफोनवाली

कळलं होतं.

दीड ओहम

पॉवरचं कोणी बोललं नाही म्हणून. पेडलं बहुतेक ९ व्होल्टवर चालतात, प्लगच्या आतली पिन ऋण आणि बाहेरची कड धन. घरातला राउटरचा ॲडाप्टर लावू नका, त्यात बहुतेकदा उलटं असतं आणि व्होल्टेजही वेगळं असू शकतं. रॅटसारखं ॲनालॉग पेडल अगदी थोडे मिलीॲम्प खातं, त्यामुळे ॲनालॉग दोन-तीन पेडलं एका ॲडाप्टरच्या माळेवर आरामात चालतात. पण पुढेमागे डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब घेतलात तर ते एकटंच शंभर मिलीॲम्पच्या पुढे जाऊ शकतं, आणि त्याच माळेवर असलं की त्याच्या चिपमधल्या घड्याळाची टिकटिक डिस्टॉर्शनमधून शिट्टीसारखी ऐकू येते. म्हणून आताच थोडे पैसे टाकून प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय घ्या. घेताना 'आयसोलेटेड' हा शब्द खोक्यावर नाही, माहितीपत्रकात शोधा.

कृष्णाकाठ

आणि मांडवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर आधी अर्थिंग आहे का ते विचारा. पेडल गुरगुरलं तर चालेल. माइकला ओठ आणि गिटारच्या तारेला बोटं एकाच वेळी लागल्यावर जो झटका बसतो तो विसरत नाही माणूस. आमचा गायक ध्रुपदाऐवजी भलतंच बोलला होता.

तोक्योकर

इकडून कोणाकडून पेडल मागवणार असाल तर पेडल आणा, ॲडाप्टर आणू नका. जपानचे साधे ॲडाप्टर १०० व्होल्टचे. पुण्यात २३० मध्ये खोचलात तर त्या क्षणी वास येतो. मला माहीत आहे कारण मी स्वतः पाठवला होता. सासऱ्यांच्या घरी.

तिरपी तान

तीन आठवडे गायब होतो, ऑफिसचं रिलीज होतं. अहवाल देतो.

पहिल्या रविवारी काहीच न घेता गेलो. तेच जुनं पेडल, गेन निम्मा, मिड दोन वाजता, ॲम्पचा ब्राइट बंद. पहिली दोन गाणी मला स्वतःचाच आवाज आवडत नव्हता, उघडा पडल्यासारखं वाटत होतं. गेन कमी असल्यावर चुकाही स्पष्ट ऐकू येतात हे कोणी सांगितलं नव्हतं. एका ठिकाणी तारा नीट दाबल्याच जात नाहीत असं दिसलं, गेली दोन वर्षं ते खरखरीत लपत होतं. पण गिटार ऐकू येत होती. दुसरा गिटारवाला मधेच थांबून म्हणाला, "नवीन घेतलंस?" मी हो म्हणालो.

मग खरंच घेतलं. सेकंडहँड रॅट ६,५०० ला, रंग उडालेला पण आतून ठीक, कोथरूडच्याच एका मुलाकडून, त्याच्याच ॲम्पवर वाजवून बघून. फेजर फेज ९० च्या जातीचा छोटा चिनी, ३,२००. पॉवर सप्लाय ३,६००. पॅच केबली ९००. एकूण १४,२००. बोर्ड अजून नाही, जुन्या कपाटाची फळी कापून त्यावर वेल्क्रो लावलंय. उरलेल्या ८०० ची चौघांनी मिसळ खाल्ली.

फेजर सध्या आधी आहे. (सॉरी, हेडफोनवाली.) एका गाण्याच्या सोलोला नंतर करून बघितला, तो जास्त आवडला, पण मग बाकीच्या गाण्यांत फारच झाडू. पावसाळ्यानंतर एक छोटा कार्यक्रम आहे, तेव्हा समोर कोणाला तरी बसवून ठरवतो. जॅझ कोरसचा कोरस लावून आमचं एक संथ गाणं वाजवलं, बासवाला डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता असं तो म्हणतो.

आणि काल ड्रमर म्हणाला, "जरा गिटार कमी कर."

हेडफोनवाली

अभिनंदन. आता खरंच थोडी कमी करा.

दीड ओहम

रॅटचं मागचं झाकण उघडून फोटो टाका की, चिप कोणती आहे बघू. नवीन बनावटीत एलएम३०८ नसते, दुसरी असते. फरक ऐकू येतो का यावर स्वतंत्र धागा काढू.

सायकलस्वार

मी युकुलेले घेतलीय. हा धागा जबाबदार.

कृष्णाकाठ

ते जुनं मेटलवालं पेडल विकणार असाल तर कळवा. सर्किट नको, मला डबा आणि बटण हवंय. दोन एसी१२८ अजून कपाटात आहेत.